रोमन सरहद्द आणि प्राचीन विदर्भ : ‘सीमारेषा’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

रोमन साम्राज्याच्या लष्करी सरहद्दींचा अभ्यास ही युरोपीय पुरातत्त्वाची एक जुनी आणि समृद्ध शाखा आहे. थिओडोर मोमसेन यांच्या पुढाकाराने जर्मनीत १८९२ मध्ये या सरहद्दीच्या शोधासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. तेव्हापासून ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांमधील तटबंदी, ब्रिटनमधील हेड्रियनची भिंत, सीरियाच्या वाळवंटातील किल्ले आणि इजिप्तच्या पूर्वेकडील चौक्या यांचे पद्धतशीर सर्वेक्षण होत गेले. या अभ्यासातून ‘लिमेस’ हा लॅटिन शब्द ‘साम्राज्याची तटबंद सीमारेषा’ या अर्थाने इतिहासलेखनात रूढ झाला. एका बाजूला सुसंस्कृत जग, दुसऱ्या बाजूला रानटी टोळ्या आणि मधोमध सैनिकांची अखंड फळी, असे चित्र या शब्दाबरोबर वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहू लागले.

भारतीय इतिहासलेखनावरही या चित्राचा परिणाम झाला. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या संघर्षाचे वर्णन करताना त्यांच्या राज्यांमध्ये नकाशावर रेषा ओढली जाते. विदर्भातील प्राचीन टेकाडांभोवती मातीचा तट दिसला की तो ‘सरहद्दीच्या संरक्षणासाठी’ बांधला गेला असे गृहीत धरले जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीला तर कालिदासाच्या नाटकाचा आधार घेऊन प्राचीन राज्यांची सीमा ठरविले जाते. ही गृहीतके ज्या रोमन नमुन्यावर उभी आहेत तो नमुनाच गेल्या काही दशकांत रोमन इतिहासाच्या अभ्यासकांनी मोठ्या प्रमाणात मोडीत काढला आहे. मूळ ठिकाणी टाकून दिलेले माप आपल्याकडे अजून वापरात असेल, तर त्या मापाने काढलेले निष्कर्षही पुन्हा तपासले पाहिजेत. प्रस्तुत लेखात मॉर्टिमर व्हीलर यांच्या ग्रंथापासून आरंभ करून या नमुन्याची चिकित्सा केली आहे आणि दख्खन व विदर्भातील पुराव्याच्या संदर्भात त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासली आहे.

व्हीलर यांचा ग्रंथ : सामर्थ्य आणि मर्यादा

रोमन सरहद्द आणि भारत यांना एका ग्रंथात आणण्याचे श्रेय व्हीलर यांच्याकडे जाते. त्यांचा ‘रोम बियॉन्ड द इम्पीरियल फ्रंटियर्स’ हा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. साम्राज्याबाहेरील जर्मनी, आफ्रिका आणि आशिया अशा तीन दिशांनी रोमन वस्तू सीमेपलीकडे कशा पसरल्या, याचा हा आढावा आहे. व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे महासंचालक होते. १९४५ मध्ये त्यांनी पुद्दुचेरीजवळील अरिकमेडू येथे उत्खनन केले आणि तेथे सापडलेल्या इटालियन भांड्यांच्या आधारे दक्षिण भारतातील स्थानिक थरांना निश्चित काळ देण्याचा मार्ग दाखविला. दिनांकित परदेशी वस्तूच्या साहाय्याने स्थानिक संस्कृतीचा काळ ठरविणे ही त्या काळातील मोठी झेप होती. महाराष्ट्रातील संशोधनालाही त्यामुळे दिशा मिळाली. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले. त्याच टेकडीवर मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती आणि इतर वस्तू भूमध्यसागरी संपर्काचा पुरावा म्हणून व्हीलर यांच्या विवेचनात स्वाभाविकपणे बसल्या.

या ग्रंथाची मर्यादा त्याच्या शीर्षकातच दडलेली आहे. ‘सरहद्दीपलीकडे’ असे म्हटले की सरहद्द ही आधीच निश्चित अशी वस्तू ठरते आणि पलीकडचा प्रदेश केवळ स्वीकारणारा ठरतो. अरिकमेडूच्या वसाहतीमागे परदेशी व्यापाऱ्यांची प्रेरणा शोधण्याकडे व्हीलर यांचा कल होता. पुढे १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच स्थळी पुन्हा उत्खनन केले. रोमन व्यापार भरात येण्यापूर्वीच तेथे वस्ती होती, हे त्यातून स्पष्ट झाले. चक्रांकित नक्षीची जी भांडी एकेकाळी रोमन प्रभावाची खूण मानली जात होती, ती भारतातच घडविली गेली असे आता मानले जाते. रॉबर्टा टोम्बर यांनी पश्चिम भारतातील स्थळांवरच्या खापरांची फेरतपासणी केली. रोमन मद्यकुंभांचे म्हणून नोंदविलेले अनेक तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील कुंभांचे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ‘रोमन’ ही नोंद वस्तूच्या तपासणीतून कमी आणि अभ्यासकाच्या अपेक्षेतून अधिक होत होती, हा या फेरतपासणीचा धडा आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. भारतात येण्यापूर्वी व्हीलर यांची घडण वेल्समधील रोमन लष्करी ठाण्यांच्या उत्खननात झाली होती. सेगोंटियम (१९२१-२२) आणि ब्रेकन गेअर (१९२४-२५) ही त्यांची आरंभीची कामे होत. शिवाय दोन्ही महायुद्धांत त्यांनी तोफखान्यात अधिकारी म्हणून काम केले होते. भिंत दिसली की तिच्यात संरक्षण पाहायचे आणि जळका थर दिसला की त्यात आक्रमण पाहायचे, ही सवय अशा घडणीतून येते. १९४६ मध्ये हडप्पा येथे त्यांनी कच्च्या विटांची भव्य भिंत उघडी केली व तिला दुर्गाचे रूप दिले. मोहेंजोदडो येथील विखुरलेल्या सांगाड्यांवरून आर्य आक्रमकांनी केलेल्या कत्तलीचे अनुमानही त्यांनी मांडले. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये त्या सांगाड्यांच्या थरांची तपासणी करून हे अनुमान पुराव्यावर टिकत नाही हे दाखविले. व्हीलर यांची उत्खननपद्धती भारतीय पुरातत्त्वाने कृतज्ञतेने स्वीकारली आणि ते योग्यच झाले. तथापि पद्धतीबरोबर त्यांची लष्करी दृष्टीही आपण नकळत स्वीकारली काय, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

‘रेषे’चा उगम आणि तिचे खंडन

रोमन सरहद्द म्हणजे पूर्वनियोजित संरक्षणरेषा, या विचाराची सर्वांत व्यवस्थित मांडणी एडवर्ड लुटवाक यांच्या ‘द ग्रँड स्ट्रॅटेजी ऑफ द रोमन एम्पायर’ (१९७६) या ग्रंथात आढळते. लुटवाक हे संरक्षणनीतीचे अभ्यासक आहेत. पहिल्या ते तिसऱ्या शतकापर्यंत रोमने आपली सीमा तीन वेगवेगळ्या पद्धतींनी राखली आणि प्रत्येक पद्धतीमागे साम्राज्यव्यापी योजना होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रंथ वाचनीय आहे आणि त्याने चर्चेला चालना दिली, हे मान्य करावे लागते. मात्र अशी योजना आखणारी यंत्रणा, तिला लागणारे नकाशे आणि धोरणाची लेखी साधने यांचा पुरावा त्यात पुरेसा दिलेला नाही. विसाव्या शतकातील लष्करी मुख्यालयाची कार्यपद्धती त्यांनी प्राचीन रोमवर आरोपित केली, हा आक्षेप त्यामुळे रास्त ठरतो.

बेंजामिन आयझॅक यांनी ‘लिमेस’ हा शब्द प्राचीन ग्रंथांत नेमका कोणत्या अर्थांनी येतो याची छाननी केली. या शब्दाचा मूळ अर्थ वाट किंवा रस्ता असा होता. पुढे तो सीमावर्ती प्रदेशासाठी वापरला गेला. किल्ल्यांची संरक्षणफळी हा अर्थ आधुनिक अभ्यासकांनी त्याला चिकटविला. ‘द लिमिट्स ऑफ एम्पायर’ (१९९०) या ग्रंथात त्यांनी पूर्वेकडील रोमन सैन्याच्या प्रत्यक्ष कामाचा विचार केला आहे. रस्ते सुरक्षित ठेवणे, वाहतुकीवर नजर ठेवणे आणि साम्राज्यातील प्रजेलाच ताब्यात ठेवणे ही या सैन्याची प्रमुख कामे होती, असे त्यांचे मत आहे. सी. आर. व्हिटेकर यांनी ‘फ्रंटियर्स ऑफ द रोमन एम्पायर’ (१९९४) मध्ये सरहद्दीकडे सामाजिक आणि आर्थिक अंगाने पाहिले. सरहद्द हा दोन्ही बाजूंच्या लोकांची देवघेव चालणारा रुंद पट्टा असतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

भारतीय वाचकाला या वादात विशेष रस वाटावा असे एक कारण आहे. ‘शास्त्रशुद्ध सरहद्द’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या वायव्य सीमेविषयी चाललेल्या ब्रिटिश राजकीय चर्चेतून पुढे आली. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झन यांनी १९०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे ‘सरहद्दी’ याच विषयावर व्याख्यान दिले आणि त्यात रोमन तटबंदीपासून हिंदुस्थानच्या सीमेपर्यंतचा विचार मांडला. म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खैबरच्या अनुभवातून रोम वाचले, आणि नंतर रोमच्या त्या वाचनातून भारताचा प्राचीन इतिहास वाचला गेला. सीमारेषेचा हा नमुना रोममध्ये जन्मून भारतात आला, असे मानणे अर्धवट आहे. त्याच्या घडणीत वासाहतिक हिंदुस्थानचाही वाटा आहे.

रेषेच्या कल्पनेला सर्वांत ठोस धक्का सीरियातील सर्वेक्षणाने दिला. आंत्वान प्वादबार या फ्रेंच धर्मगुरूने विमानातून केलेल्या पाहणीचा वृत्तान्त १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ११६ किल्ल्यांची नोंद होती. हे किल्ले उत्तर-दक्षिण अशा फळीत उभे असून पूर्वेकडील आक्रमणे अडविण्यासाठी बांधले गेले, असा त्यांचा निष्कर्ष जवळजवळ नव्वद वर्षे प्रमाण मानला गेला. जेसी कसाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांतील, आता खुल्या झालेल्या हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांचा अभ्यास करून २०२३ मध्ये नवे निष्कर्ष मांडले. त्यांना पूर्वी अज्ञात असलेले ३९६ किल्ले किंवा किल्लेसदृश अवशेष आढळले. हे अवशेष फळीत नसून पूर्व-पश्चिम दिशेने, टायग्रिसच्या खोऱ्यापासून पश्चिम सीरियापर्यंत पसरलेले आहेत. व्यापारी तांडे, निरोप आणि सैन्य यांच्या ये-जा करण्याच्या मार्गांना आधार देणे हा त्यांचा हेतू असावा, असे या अभ्यासकांनी सुचविले आहे. प्वादबार यांनी पाहिलेली रेषा काही अंशी त्यांच्या विमानाच्या मार्गाने निर्माण केली होती. जेथे शोधले तेथे सापडले, आणि जेथे शोधले नाही तेथे काही नाही असे ठरले. हा इशारा केवळ सीरियापुरता नाही.

दख्खनमधील पुरावा : छावणी, नाणे आणि ओसाड गाव

रोमची लष्करी सरहद्द महाराष्ट्राला कधीच भिडलेली नव्हती. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाजवळील फरासान बेटांवर इ. स. १४३-४४ मधील लॅटिन लेख मिळाला असून तेथे रोमन सैन्याची तुकडी होती, हे त्यावरून कळते. भारताच्या दिशेने रोमन सैन्याची ही ज्ञात असलेली दूरची ठाणी होत. इजिप्तच्या वाळवंटात बेरेनिके बंदरापासून नाईलकाठच्या कोप्टोसपर्यंतच्या रस्त्यावर पाण्याच्या विहिरींजवळ चौक्या होत्या. त्याच रस्त्याने भारतीय माल जाई आणि त्यावर एक चतुर्थांश कर आकारला जाई. बेरेनिके येथे सापडलेली बुद्धमूर्ती आणि सातवाहनांची दोन नाणी यांची माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. रोमन सरहद्दीचे जे टोक दख्खनच्या संपर्कात येत होते, तेथेही सैन्याचे काम रस्ता, विहीर आणि करवसुली यांच्याभोवती फिरत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याच काळात दख्खनमध्ये सातवाहन आणि क्षत्रप यांची सरहद्द होती. तिचा पुरावा समकालीन आणि बोलका आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराची हकिकत येते. पूर्वी हे बंदर खुले होते. पुढे सत्ता बदलल्यावर तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. येथे सरहद्द म्हणजे समुद्रमार्गावरचा अडथळा आहे. दोन्ही सत्तांना हवी होती ती बंदराची जकात.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाणेसंचय हा दुसरा पुरावा. नहपान क्षत्रपाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकली होती. विजयाची ही खूण जमिनीवर ओढलेल्या रेषेपेक्षा बाजारात फिरणाऱ्या नाण्यावर उमटलेली आहे. तिसरा पुरावा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांचा. राज्यवर्ष १८ मधील लेखात गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धन येथील अमात्याला आज्ञा देतो आणि पूर्वी उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने शेत तेथील भिक्षूंना देतो. शत्रूच्या ताब्यातील जमीन नव्या राजाने दान करावी, हा सत्तांतराचा दस्तऐवज आहे. या दानाबरोबर राजपुरुषांना शेतात शिरण्यास मनाई, मिठासाठी खोदण्यास मनाई अशा सवलती दिल्या आहेत. सैन्याच्या सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाला कोणत्या गोष्टीपासून अभय हवे होते, ते या सवलतींवरून समजते.

सहा वर्षांनंतरचा, राज्यवर्ष २४ चा लेख अधिक बोलका आहे. पूर्वी ज्या कखडी गावातील शेत दिले होते ते शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती राहिलेली नाही, असे राजा आणि राजमाता यांच्या नावाने दिलेल्या या आज्ञेत नमूद केले आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी १०० निवर्तने बदली देण्यात आली. प्रशस्तिलेखांतून सातवाहनांचा विजय झळाळतो. या प्रशासकीय लेखात मात्र विजयानंतरचे ओसाड गाव दिसते. गाव का उठले हे लेख सांगत नाही. परंतु दोन सत्तांच्या झगड्यात सापडलेल्या प्रदेशाची अवस्था समजण्यासाठी कोणत्याही तटाच्या मोजमापापेक्षा हा एक उल्लेख अधिक मोलाचा आहे. रोमन सरहद्दीच्या अभ्यासातही असाच बदल झाला. १९७३ पासून व्हिंडोलांडा येथे मिळत गेलेल्या लाकडी पत्रांनी हेड्रियनच्या भिंतीजवळील सैनिकांचे रोजचे जीवन, रसद, रजेचे अर्ज आणि वाढदिवसाचे निमंत्रण उजेडात आणले. त्यानंतर त्या सरहद्दीचा इतिहास केवळ दगडांचा राहिला नाही. आपल्याकडे नाशिकचे हे दोन लेख तेच काम करू शकतात. त्यासाठी ते राजवंशाच्या कालगणनेपुरते वाचण्याची सवय सोडावी लागेल.

विदर्भ : वर्धेची रेषा कोणाची?

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ (१९७९) हा ग्रंथ या विषयाचा मराठीतील आधारस्तंभ आहे. नाशिकच्या लेखातील ‘बेणाकटक’ या नावाचा संबंध मिराशी यांनी वैनगंगेच्या खोऱ्याशी जोडला आणि गौतमीपुत्राच्या सत्तेचा आरंभ विदर्भात झाल्याचे सुचविले. लेखातील शब्दरचनेमुळे हे स्थान गोवर्धन परिसरातच शोधावे, असे मानणारेही अभ्यासक आहेत. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील रूपिअम्म याच्या स्मारकस्तंभावरील ब्राह्मी लेखावरून मिराशी यांनी विदर्भावरील क्षत्रप अंमलाचे प्रतिपादन केले. लेखवाचनाची त्यांची शिस्त आणि व्यासंग निर्विवाद आहे. परंतु एका स्तंभलेखावरून संपूर्ण प्रदेशाच्या स्वामित्वाचे अनुमान काढताना सरहद्द ही ठाम रेषा असते, एक तर प्रदेश या राजाचा किंवा त्या राजाचा, हे गृहीतक त्यामागे काम करते. स्मारकस्तंभ मृत व्यक्तीची स्मृती सांगतो. त्या प्रदेशात कर कोण गोळा करीत होते, हे तो सांगत नाही.

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यातील अडम हे याचे दुसरे उदाहरण. अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली १९८८ ते १९९२ या काळात झालेल्या उत्खननात तेथे तट व खंदक यांनी वेढलेली प्राचीन वसाहत उघडकीस आली आणि ‘असक जनपदस’ असा लेख असलेली मृण्मुद्राही मिळाली. अश्मक जनपद सामान्यतः गोदावरीच्या खोऱ्यात मानले जाते. तेव्हा विदर्भाच्या मध्यभागी अश्मकाची मुद्रा कशी, हा प्रश्न उभा राहतो. अश्मकाची सीमा उत्तरेकडे सरकविणे हा एक मार्ग आहे. पण मुद्रा ही फिरती वस्तू आहे. ती मालाबरोबर, निरोपाबरोबर किंवा अधिकाऱ्याबरोबर प्रवास करते. बलश्रीच्या नाशिक प्रशस्तीत असिक, असक, मूळक, विदभ अशी जनपदांची नावे ओळीने येतात. त्यात पर्वतांची नावे आहेत, पण एक जनपद कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे कोठेही सांगितलेले नाही. प्राचीन लेखकाला जी रेषा सांगण्याची गरज वाटली नाही ती आधुनिक नकाशाला हवी आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने वर्धा नदीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात अग्निमित्र विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन यांच्यात वाटून देतो आणि वरदा नदी ही दोघांमधील सीमा ठरते. या प्रसंगाचा उपयोग वर्धा ही प्राचीन लष्करी सीमा असल्याचा पुरावा म्हणून करता येत नाही, याची तीन कारणे आहेत. एक, नाटकातील घटना शुंगकाळातील, तर नाटककार कित्येक शतकांनंतरचा आहे. दोन, ही वाटणी एकाच वरिष्ठ सत्तेखालील दोन भाऊबंदांमधील आहे. दोन शत्रूंनी परस्परांपासून राखलेली ती सीमा नाही. तीन, नाटकात जो खरा लष्करी सीमादुर्ग येतो तो वर्धेवर नाही. तो वीरसेनाच्या ताब्यातील, प्रचलित पाठाप्रमाणे नर्मदाकाठचा अंतपालदुर्ग आहे आणि तेथून विदर्भावर चढाई होते. म्हणजे नाटकातही सीमादुर्ग पुढे जाण्याचे ठाणे आहे.

वर्धा ही रेषा म्हणून आपल्या मनात ठसली आहे, ती कालिदासामुळे कमी आणि अर्वाचीन इतिहासामुळे अधिक. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलुखावरील हक्क सोडला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि दक्षिणेकडे पैनगंगा ही निजामाच्या राज्याची हद्द झाली. वर्धा आणि पैनगंगा या दोन रेषांच्या बेचक्यात वसलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात नदी म्हणजे सीमा, हा संस्कार दीड-दोनशे वर्षांच्या महसुली व्यवहाराने घट्ट केला. तोच संस्कार दोन हजार वर्षे मागे नेणे हा कालविपर्यास होय. नदीचे पात्र पावसाळ्यात अडविते आणि उरलेल्या आठ महिन्यांत उतारावरून गाड्या, गुरे आणि माणसे पलीकडे जातात, हा या भागातील रोजचा अनुभव आहे. वर्धाकाठचे कौंडिण्यपूर किंवा अरुणावतीकाठचे आर्णी यांसारखी प्राचीन स्थळे नदीला पाठ करून वसलेली नाहीत.

या संदर्भात भारतीय परंपरेतील ‘अंतपाल’ या पदाकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरते. कौटिलीय अर्थशास्त्रात अंतपाल सीमेवरचा दुर्ग राखतोच; पण त्याचे सविस्तर वर्णन येते ते शुल्काच्या प्रकरणात. मालाच्या गाडीमागे सव्वा पण, एक खुराच्या जनावरामागे एक पण, गुरामागे अर्धा पण अशी ‘वर्तनी’ म्हणजे मार्गपट्टी त्याने घ्यावी. वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला तर भरपाई द्यावी. तांड्याच्या मालाची पाहणी करून, मुद्रा व परवाना देऊन तो पुढे पाठवावा, असे नियम आहेत. अर्थशास्त्र हा विधिग्रंथ आहे, प्रत्यक्ष कारभाराचा अहवाल नाही, ही मर्यादा लक्षात ठेवूनही एक गोष्ट स्पष्ट होते. सरहद्द म्हणजे मुख्यतः मार्ग आणि त्यावरील जबाबदारी, ही समज आपल्या परिभाषेत आधीपासून होती. आयझॅक यांनी ‘लिमेस’चा मूळ अर्थ रस्ता असा दाखविला, तेव्हा रोमन अभ्यास या समजेच्या जवळ आला असे म्हणता येईल.

नव्या मांडणीच्या मर्यादा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘रेषा’ टाकून ‘पट्टा’ किंवा ‘मार्ग’ हा शब्द सर्वत्र लावणे हेही यांत्रिक अनुकरण ठरेल. हेड्रियनची भिंत इ. स. १२२ मध्ये सुरू झाली आणि ८० रोमन मैल लांब बांधली गेली. ती भिंत होतीच, आणि तिच्यासाठी लागलेले श्रम पाहता तिला केवळ जकातनाका म्हणता येणार नाही. मात्र तिच्यात सुमारे प्रत्येक मैलावर दरवाजा असलेले ठाणे होते, हेही तितकेच खरे आहे. अडविणे आणि जाऊ देणे या दोन्ही क्रिया एकाच भिंतीत होत्या. सातवाहन-क्षत्रप संघर्षातही युद्धे झाली. रुद्रदामनाच्या इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ लेखात सातकर्णीचा दोनदा पराभव केल्याचा आणि जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद न केल्याचा उल्लेख आहे. युद्ध आणि सोयरीक एकाच सरहद्दीवर नांदत होती. त्यामुळे व्यापाराच्या गोडव्यात हिंसेचा विसर पडणेही इष्ट नाही. कखडीचे ओसाड गाव याची आठवण देते.

दुसरी मर्यादा पुराव्याच्या असमतोलाची आहे. रोमन सरहद्दीवर शेकडो ठाण्यांचे उत्खनन झाले आहे. नाशिकच्या लेखातील छावणीचे स्थान मात्र जमिनीवर निश्चित झालेले नाही. तंबू, लाकूड आणि माती यांच्या तात्पुरत्या छावण्या सहज सापडत नाहीत. त्यामुळे दख्खनमध्ये लष्करी ठाणी नव्हती असे म्हणता येत नाही आणि प्रत्येक तटबंद टेकाड लष्करी ठाणे होते असेही म्हणता येत नाही. अडम किंवा पवनी येथील तटाचा उपयोग संरक्षण, पूरनियंत्रण, करवसुली आणि नगराची प्रतिष्ठा यांपैकी कशासाठी होता, हे तटाच्या छेदातून, दरवाजांच्या स्थानातून आणि बाहेरील वस्तीच्या पाहणीतून ठरवावे लागेल. शब्द आधी आणि पुरावा नंतर, हा क्रम बदलणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. रोमन लष्करी सरहद्दीची ‘अखंड संरक्षणरेषा’ ही कल्पना आधुनिक असून तिच्या घडणीत वासाहतिक हिंदुस्थानच्या सीमाचर्चेचाही सहभाग आहे. ती सार्वत्रिक मापदंड म्हणून वापरता येत नाही.

२. व्हीलर यांच्या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व अबाधित ठेवूनही त्यातील लष्करी दृष्टी आणि ‘पलीकडचा’ भारत ही चौकट यांपासून अंतर राखणे आवश्यक आहे.

३. सातवाहन-क्षत्रप सरहद्दीचा खरा पुरावा बंदर, नाणे, छावणीतून निघालेली आज्ञा आणि ओसाड पडलेले गाव यांत आहे. त्याचे सामाजिक वाचन अजून अपुरे आहे.

४. वर्धा नदी ही प्राचीन विदर्भाची लष्करी सीमा होती, या विधानाला साहित्यिक किंवा पुरातत्त्वीय आधार पुरेसा नाही. या समजुतीचे मूळ १८०३ नंतरच्या राजकीय व महसुली इतिहासात आहे.

या निष्कर्षांची जमिनीवर परीक्षा घेणे शक्य आहे आणि ते स्थानिक महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. वर्धा आणि पैनगंगा यांच्या दोन्ही काठांवरील ‘पांढरी’ म्हणून ओळखली जाणारी टेकाडे, नदीचे जुने उतार आणि त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा यांची एकत्र नोंद केली, तर प्राचीन वस्ती नदीच्या कडेने फळीत उभी आहे की उताराच्या दोन्ही बाजूंना मार्गाने जोडली आहे, हे तपासता येईल. ही पाहणी नदीच्या एकाच काठावर थांबता कामा नये, अन्यथा प्वादबार यांची चूक येथेही घडेल. जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबणारे सर्वेक्षण त्या हद्दीलाच प्राचीन ठरवते. पांढरीची माती शेतात आणि घराच्या भिंतींत वाहून नेली जात असल्याने अनेक टेकाडे वर्षागणिक खचत आहेत. ती सपाट होण्यापूर्वी ही नोंद झाली नाही, तर वर्धेच्या दोन काठांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी काय चालत होते या प्रश्नाचे उत्तर कायमचे १८०३ च्या नकाशावरूनच द्यावे लागेल.